दशहरीपुरते पाते

घडीच्या चाकूचे पाते मुठीच्या पोटात मिटते. ते एका खिळ्याभोवती फिरते, मुठीला लांबट खाच असते आणि खाचेच्या पाठीशी बहुधा एक पोलादी पट्टी स्प्रिंगचे काम करते. एवढाच हा जिन्नस. स्वयंपाकघरातल्या सुरीची जागा ठरलेली असते. हा मात्र माणसाबरोबर हिंडतो, चारचौघांत बाहेर निघतो आणि उसना मागितला जातो. म्हणून सुरी घेताना भाजीचा विचार केला तरी भागते. घडीचा चाकू घेताना माणसांचा विचार करावा लागतो.

हा चाकू कारकुनाच्या हाताशीही वाढला. इंग्रजांचा पेननाइफ पिसाची लेखणी तासण्यासाठी होता. फारसी-उर्दूत त्याच कामाच्या चाकूला कलमतराश म्हणतात. मराठी दफ्तरांतही बोरूला टोक काढायला चाकू लागे, आणि बोरू तिरपा छाटण्यात ज्याचा हात बसला त्याची मोडी वळणदार उमटे. म्हणजे खिशातल्या चाकूचा जुना मालक गुंड नव्हे, कारकून. पुढे हिंदी सिनेमाने हा सातबारा परस्पर बदलून टाकला, आणि तेव्हापासून शर्ट खोचलेल्या, डबा नेणाऱ्या माणसाने खिशातून चाकू काढला की आजूबाजूचे अर्धा पाऊल मागे सरकतात. निवडीच्या साऱ्या अडचणी या अर्ध्या पावलातून निघतात.

या अडचणी चिनहटला जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या क्वचित कुठे दिसत असतील. चिनहट हे लखनौचे पूर्वेकडचे टोक. फैजाबादकडे जाणारा रस्ता, रंगीत झिलईची मातीची भांडी आणि देवा रोडवरचा टाटा मोटर्सचा १९९२ सालचा कारखाना, या तीन खुणांवर ते ओळखता येते. मराठी माणूस लखनौला पूर्वी गाण्यासाठी येई. भातखंड्यांनी १९२६ मध्ये इथे मॅरिस कॉलेज काढले आणि रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. हल्ली तो बदलीवर येतो. पिंपरी-चिंचवडच्या फ्लॅटमधले सामान चाळीसएक खोक्यांत भरून, चिकटपट्टीचे तीन-तीन वेढे देऊन ट्रकने येते. चिनहटच्या नव्या फ्लॅटमध्ये ती खोकी छतापर्यंत रचली जातात आणि चहाची वेळ होते. चहाचे पातेले ‘किचन-३’ असे लिहिलेल्या खोक्यात आहे. चिकटपट्टी कापायला सुरी हवी. सुरीही ‘किचन-३’ मध्येच आहे. अशा वेळी माणूस स्कूटरच्या किल्लीच्या दाताने खोके फाडू लागतो, आणि खिशात एक चाकू असायला हवा, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा येतो.

विचार इथवर ठीक असतो. दुकानात किंवा मोबाइलच्या पडद्यावर चाकू पाहायला लागले की तो बिघडतो. खोकी, चिकटपट्टी, चहा सारे मागे पडते आणि डोळ्यांपुढे निराळेच प्रसंग उभे राहतात. गाडी उलटली आहे, सीटबेल्ट अडकला आहे. राजमाचीच्या वाटेवर दोर कापायचा आहे. रात्रीच्या अंधारात कोणीतरी समोर आले आहे. मग पाते काळे, मूठ खरखरीत आणि आकार पाणबुड्याला शोभेल असा निवडला जातो. प्रत्यक्षात त्या चाकूच्या नशिबी चिनहटमध्ये एका आठवड्यात जे येते ते असे: पार्सले सहा, दुधाची पिशवी एक, तीही कात्री सापडेना म्हणून, नव्या शर्टाच्या कॉलरमागचे टोचणारे लेबल, मुलीच्या प्रकल्पवहीचा पुठ्ठा, औषधाच्या बाटलीचे न फिरणारे झाकण, आणि जून असेल तर आंबे, आंबे, आंबे. दोर एकदाही नाही. अंधारात समोर कोणी आले तर तो शेजारचा, आणि त्याला इन्व्हर्टर कोण दुरुस्त करतो ते हवे असते.

या ठिकाणी एका उपेक्षित वस्तूची नोंद करणे भाग आहे. भारतात घराघरांत, रेल्वेच्या डब्यात विकल्या जाणाऱ्या मालातही, एक नेलकटर असतो, आणि त्याच्या पोटात एक लहान पाते मिटलेले असते. म्हणजे घडीचा चाकू आधीच किल्ल्यांच्या जुडग्यात लोंबकळत असतो. तरीही नेलकटरवाल्याला चाकू आहे का असे विचारले तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. ते पाते सहसा कोणी उघडत नाही. उघडले तर त्याने नखातला मळ काढतात आणि परत मिटतात.

आकाराचा प्रश्न सर्वांत मोठा, आणि मोठे हत्यार बरोबर नेल्याने काय होते याचा धडा चिनहटच्याच मातीत आहे. ३० जून १८५७ रोजी इंग्रज अधिकारी सर हेन्री लॉरेन्स लखनौच्या रेसिडेन्सीतून फौज घेऊन चिनहटकडे निघाला. बरोबर आठ इंची तोंडाची एक हॉवित्झर तोफ होती, आणि ती ओढायला हत्ती. बंडवाल्या शिपायांनी त्याचा पुरता पराभव केला, हत्ती बिथरले आणि तोफ जागीच टाकून फौजेला पळावे लागले. दोन दिवसांनी रेसिडेन्सीतल्या आपल्या खोलीत असताना लॉरेन्सला तोफगोळा लागला आणि ४ जुलैला तो मरण पावला. तो गोळा चिनहटला गमावलेल्या त्याच हॉवित्झरचा होता, असे इतिहासकार सांगतात. बाळगण्याच्या वस्तूबद्दल दोन गोष्टी यातून कळतात. एक, जी वस्तू स्वतःला उचलून परत आणता येत नाही ती बरोबर नेऊ नये. दुसरी, जिला हत्ती लागतो ती खिशात बसत नाही.

चाकूच्या जगातली हॉवित्झर म्हणजे रामपुरी. रामपूर लखनौपासून वायव्येला सुमारे तीनशे किलोमीटर. नवाबांच्या या गावात चाकू घडवणाऱ्या कारागिरांची जुनी परंपरा आहे, आणि नऊ ते बारा इंची पात्याचा त्यांचा चाकू मुंबईच्या पडद्यावर कितीतरी वर्षे खलनायकाच्या हातात वावरला. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारने चाकू हातात घेऊन जो एक शांत प्रसंग केला, त्याने या मालाची जेवढी जाहिरात झाली तेवढी पुढे कशानेच झाली नसेल. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली आणि धंदा आकसला. चाकू तोकडा झाला, कीर्ती मात्र पूर्वीच्याच लांबीची राहिली. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. आज एवढ्या लांबीचे पाते भर रस्त्यात बिनधास्त उघडे ठेवण्याची मुभा फक्त त्या चौकाला आहे.

कायद्याची मापे निवडीआधी पाहिलेली बरी. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा समावेश शस्त्रांत केलेला आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. त्यामुळे ऊसतोडीचा कोयता निर्दोष ठरतो, कारण त्याचा हेतू कायद्याला ठाऊक आहे. चाकूचा हेतू मात्र त्याच्या मालकाला विचारावा लागतो, आणि मालक नेमका तेव्हाच अडखळतो. दिल्लीला कामासाठी जाणाऱ्याने १९८० च्या अधिसूचनेकडे लक्ष द्यावे. तिच्यात बटनदार, गरारीदार आणि यंत्राच्या युक्तीने उघडणारे चाकू सापडतात, पाते ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठे असेल तर. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच. सेंटिमीटरमध्ये लिहिल्याने त्याला जरा रायफलीचे वजन येते इतकेच. पुण्या-मुंबईला सुट्टीवर गेल्यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहे. त्याखालचे मनाई आदेश सणासुदीच्या तोंडावर वर्तमानपत्रात येतात आणि मराठी माणूस ते चहाबरोबर वाचतो. सोटे, भाले, दंडे, बंदुका, सुरे, लाठ्या अशी ती यादी असते. वाचणाऱ्याच्या खिशातला चाकू त्या ओळीत कुठे बसेल, हे त्या प्रसंगी समोर असलेल्या हवालदारावर आणि बाळगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असते.

सारी मापे जमेस धरूनही पात्याची योग्य लांबी ठरवायचे सर्वांत खात्रीचे साधन शहराच्या दुसऱ्या टोकाला, मलिहाबादच्या बागांत पिकते. दशहरी हा आंबा काकोरीजवळच्या दशहरी गावावरून नाव घेऊन आला. अंगाने लांबट, सडपातळ, कोय चपटी. कोयीच्या एका अंगाने पाते घातले की ते देठापासून टोकापर्यंत एका दमात गेले पाहिजे. साडेपाच-सहा सेंटिमीटरचे पाते मध्येच अडते आणि फोडीला पायरी पडते. सात सेंटिमीटरचे सरळ जाते. याहून लांब पाते लागेल असा आंबा बाजारात येतो खरा, पण तो कापायला घरी विळी असते. तेव्हा दशहरीपुरते पाते, सात सेंटिमीटर, हे चिनहटचे मानक समजावे. तीन इंचांच्या आतले असल्याने ते दिल्लीलाही चालून जाते. हापूसवाल्या कुटुंबात हे मानक सहजासहजी मान्य होत नाही. दशहरी कापून खावा की चोखून, आणि मुळात त्याला आंबा म्हणावे की नाही, यावर पहिल्या जूनमध्ये वाद होतो. तिसऱ्या जूनपर्यंत तो मिटलेला असतो. बादलीभर पाण्यात आंबे, जमिनीवर जुने वर्तमानपत्र आणि त्यावर चाकू, इतकेच उरते.

पाते उघडते कसे, हा लांबीइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तो कानाने ठरवायचा आहे. गरारी म्हणजे दातेरी चक्र. गरारीदार चाकू उघडताना पात्याच्या बुडाचे दाते खटक्यावरून एकेक करून सरकतात आणि कट्-कट्-कट् असा आवाज होतो. स्पेनमधल्या जुन्या नवाखा चाकूलाही असाच दातेरी आवाज असे. माणसाला घाबरवायची युक्ती देशोदेशी एकच सुचलेली दिसते. भातखंड्यांच्या दहा थाटांत हा आवाज कुठेच बसत नाही, पण लखनौत तो ओळखायला तालीम लागत नाही.

कारखान्याच्या कचेरीत वाढदिवसाचा केक आणला जातो. बेकरीने दिलेली प्लॅस्टिकची सुरी पहिल्याच दाबाला मोडते. कोणीतरी विचारते, किसी के पास चाकू है? बदलीवर आलेला गृहस्थ ज्या क्षणाची वाट पाहत होता तो हाच. तो खिशात हात घालतो, हौसेने घेतलेला गरारीदार चाकू काढतो आणि मनगटाला झटका देतो. कट्-कट्-कट्-कट्. खोलीतले बोलणे थांबते. ज्यांचा वाढदिवस आहे ते साहेब मेणबत्त्यांपासून दूर होतात. शेवटी एक ज्येष्ठ सहकारी अदबीने म्हणतात, “अरे जनाब, केक ने आपका क्या बिगाड़ा है?” केक कापला जातो, चांगला कापला जातो, पण त्या गृहस्थाला त्यानंतर दोन वर्षे कोणी रजा नाकारत नाही आणि जेवायलाही बोलावत नाही. त्याच खोलीत पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणी लाल मुठीचा चाकू काढला, नखाने पाते उचलताना जरा धडपडला, “एक मिनिट हां” म्हणाला, तर सगळे हसतात आणि दात कोरायची काडी बघायला मागतात. पाते दोन्ही चाकूंचे धारदार होते. फरक उघडण्याचा.

यावरून नियम असा निघतो, की रोजचा चाकू उघडताना दोन्ही हात गुंतले पाहिजेत आणि चेहऱ्यावर थोडा त्रास दिसला पाहिजे. पात्यावर नखासाठी कोरलेली खाच या बाबतीत उत्तम. तिचा एकच दोष, नखे कापलेल्या दिवशी चाकू उघडत नाही. एका हाताने, अंगठ्याने उघडणारे चाकू सोयीचे असतात. पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप, असा चाकू अमेरिकेत १९८१ मध्ये निघाला आणि तेव्हापासून ही तऱ्हा जगभर गेली. शिडीवर चढून एका हातात वायर धरलेल्या माणसाला ती लागते. केकसमोर उभ्या असलेल्याला लागत नाही.

खटका, म्हणजे उघडलेले पाते आपोआप मिटू नये यासाठीची कुलुपी युक्ती, हवी की नको यावर मतभेद आहेत. नुसत्या स्प्रिंगवरचा चाकू कापण्याच्या दिशेने जोर दिल्यास मिटत नाही. भोसकण्याच्या किंवा उचकटण्याच्या दिशेने दिल्यास मिटतो, आणि मिटताना बोटाला मध्ये घेतो. मराठी घरात हा अपघात बहुतेक वेळा नारळापाशी घडतो. गावाहून आणलेल्या नारळाची वाटी, खोबरे सुटेना, आणि हाताशी नवा चाकू. टोक खोबऱ्याच्या पाठीमागे घालून उचकटायचा मोह अनावर होतो. मग एक तर टोक मोडते, नाहीतर बोट कापते. टोक मोडले तर चाकू वाईट होता असे ठरते, आणि बोट कापले तर नारळ. ज्याला स्वतःची खात्री नाही त्याने खटका असलेला घ्यावा. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात १८९० पासून निघणाऱ्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरवून अडकवायचे कडे आहे. लाकडी मूठ, साधे पाते, आणि चपलांसारखे नंबर: आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटर. दिसायला इतका निरुपद्रवी, की त्याने सफरचंद कापणारा माणूस मास्तरच वाटतो. पावसाळ्यात मात्र मुठीचे लाकूड फुगते आणि पाते आतच रुसून बसते.

पोलादाबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे आणि वाचण्यासारखे थोडे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की पोलाद गंजायला कचरते. त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियम नसलेले साधे कार्बन पोलाद लवकर धार घेते आणि तितक्याच लवकर काळे पडते. कैरी कापली की त्यावर निळसर काळा डाग उठतो. कैरीतल्या तुरट द्रव्याचा आणि लोखंडाचा संयोग होऊन तो रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून जुनी काळी शाई होई ती याच गुणाने. बोरू तासणारा चाकू शाईही करून देत होता, फक्त ती लोणच्यात उतरे. ज्या घरात सासूबाई लोणचे घालतात त्या घरात स्टेनलेस घ्यावे आणि या विषयावर जास्त बोलू नये.

गंज टाळायला सांध्यात तेलाचा थेंब सोडतात, आणि मराठी माणसाचा हात सवयीने खोबरेलाकडे जातो. पिंपरीत बहुतेक वर्षभर यात बिघडत नाही. पण खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजते, आणि चिनहटला जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. अशा सकाळी चाकू उघडत नाही. नखाने नाही, दाताने तर नाहीच. चाकू बाटलीसारखा उन्हात ठेवलेला किंवा काखेत धरून बसलेला माणूस दिसला, की तो मराठी आहे हे शेजाऱ्यांना कळते. ते मोहरीचे तेल सुचवतात. ते थिजत नाही. काही दिवसांनी चिकट होते. शिवणयंत्राचे तेल दोन्ही प्रांतांना चालते.

एकाच मुठीत अनेक अवजारे असावीत का, याचे उत्तर स्विस सैन्याने देऊन ठेवले आहे. १८९१ मध्ये कार्ल एल्सेनर त्या सैन्यासाठी चाकू बनवू लागला. सैनिकाला दोन कामे होती, डबाबंद अन्न उघडणे आणि बंदूक खोलणे, म्हणून पात्याबरोबर डबा उघडणी, टोच्या आणि पेचकस दिला. शत्रूचा विचार त्यात कुठेच नव्हता. विचार होता जेवणाचा. १८९७ मध्ये आणखी एक लहान पाते आणि बुचाचा फिरकी स्क्रू घालून अधिकाऱ्यांसाठी नवा नमुना निघाला. सैन्याने तो अधिकृत सामानात घेतला नाही, तेव्हा अधिकाऱ्यांनी तो पदरचे पैसे घालून घेतला. चाकूच्या हौसेपुढे लष्करी हुद्दाही टिकत नाही याचा हा जुना पुरावा. आजचा नेहमीचा नमुना मिटलेला ९१ मिलिमीटर असतो, आणि कमी अवजारांचा असेल तर साठ ग्रॅमच्या आसपास भरतो. बुचाच्या स्क्रूचे चिनहटच्या मराठी घरात काय करायचे, हा प्रश्न पडतो. पायजम्याच्या नाडीची भिजून बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखे साधन नाही. दात कोरायची काडी आणि चिमटा पहिल्या वर्षात हरवतात. त्यांची खोबण आयुष्यभर रिकामी राहते. भिंग, करवत, माशाचे खवले काढायची पट्टी असे वाढवत गेले की जाडी वाढते, आणि एक दिवस चाकू खिशात न मावता टेबलावर पेपरवेट म्हणून स्थिर होतो.

धार जाते, आणि ती परत आणावी लागते. सायकलचे पॅडल मारून दगडी चाक फिरवणारा धारवाला गल्लीत आला की पहिली इच्छा चाकू त्याच्या हाती देण्याची होते. ठिणग्या छान उडतात. दर वेळी पाते मात्र दोन मिलिमीटरने आत येते, आणि पाचसहा दिवाळ्यांनंतर मुठीतून दात कोरणे बाहेर आल्यासारखे दिसू लागते. चिनहटमध्ये याला घरगुती उतारा आहे. इथला झिलईचा कप पालथा घालून पाहावा. बुडाला एक खरखरीत, कोरे कडे दिसते. भट्टीत कप फळीला चिकटू नये म्हणून तेवढ्या भागावर झिलई लावत नाहीत. हेच कडे बारीक निसण्याचे काम करते. पाते विसेक अंशांत तिरपे धरून, कड्यावरून पाचसात वेळा एका बाजूने आणि तितक्याच वेळा दुसऱ्या बाजूने हलके ओढले की धार जागी होते. कड्यावर करड्या रेघा उठतात. त्या लोखंडाच्या असतात आणि पुसल्याने जात नाहीत. कोणत्या घरात चाकूचा शौकीन आहे हे पाहुण्याला कपाचे बूड बघून कळते. दुसरी खूण त्या शौकिनाचा डावा हात: धार पाहण्यासाठी मनगटाच्या वरचे केस तासून बघायची खोड असल्याने तेवढा भाग बारा महिने तुळतुळीत असतो. टोमॅटोवर धार तपासणे जास्त सभ्य.

ठेवायची जागा कपड्यावर अवलंबून. पँटच्या खिशात चाकू किल्ल्यांबरोबर राहू नये, नाहीतर मूठ खरवडते. लखनौला गेलेला मराठी माणूस दुसऱ्या उन्हाळ्यात चिकनचा कुर्ता घालतोच, आणि त्या कुर्त्याचे कापड इतके झिरझिरीत असते की खिशातला लाल चाकू बाहेरून वाचता येतो. साठ ग्रॅमने कुर्ता एका बाजूला झुकतो. तोल साधायला दुसऱ्या खिशात मोबाइल ठेवतात; मग तो त्या बाजूला झुकतो.

उसना देण्याचे शिष्टाचार आहेत. चाकू हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा, नाहीतर भांडण होते, असे मराठी घरांत मानतात. लखनौत हाच विधी “आप लीजिए”, “नहीं, पहले आप” अशा वळणाने होतो आणि तेवढ्यात आंबा गरम होतो. बाळंतिणीच्या उशाशी चाकू ठेवण्याची रीत जुन्या घरांत अजून आहे. कित्येक मराठी लग्नांत नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. तो एक दिवस मराठी पुरुष उघडे पाते घेऊन गावभर मिरवतो, बँड वाजतो, पोलीस वाट करून देतात. पण त्या दिवशीही वडीलधारी माणसे कट्यारीच्या टोकात लिंबू खोचून ठेवतात. त्याच्याबद्दलचा घरचा अंदाज तेवढ्यावरून कळतो.

चांगला चाकू झिजून संपल्याचे क्वचितच ऐकू येते, तो हरवतो. विमानाने जाणाऱ्यांचे चाकू सुरक्षा तपासणीत जातात: मोठी बॅग आधीच सामानात दिलेली असते, चाकू मात्र सवयीने खिशात राहिलेला असतो, आणि ट्रेमध्ये नाण्यांच्या शेजारी तो पडला की जवान आणि प्रवासी दोघेही त्याच्याकडे सारख्याच खेदाने पाहतात. पुष्पक एक्सप्रेसने जाणाऱ्यांचे चाकू काकडी कापून झाल्यावर खिडकीच्या फळीवर राहतात आणि मुंबईला उतरल्यावर आठवतात. सर्वाधिक चाकू मात्र जूनच्या शेवटी, घरच्या घरी जातात. रात्री दशहरीच्या साली, कोयी आणि रसाने भिजलेले वर्तमानपत्र, सगळे एकत्र गुंडाळून कोणीतरी चटकन उचलते, आणि सकाळी सातला कचऱ्याची गाडी गाणे वाजवत येऊन जाते. साडेसातला शोध सुरू होतो. सोफ्याखाली, बादलीत, कालच्या पँटच्या खिशात, मुलीच्या दप्तरात, दोनदा फ्रिजमध्ये. तो कुठे गेला असेल हे घरात एका व्यक्तीला आठ वाजताच उमगलेले असते आणि ती व्यक्ती बोलत नाही.

नवा चाकू यायला चार-पाच दिवस लागतात. तो पार्सलने येतो, चिकटपट्टीचे तीन वेढे असलेल्या खोक्यात. ते खोके स्कूटरच्या किल्लीने फाडतात. किल्लीच्याच जुडग्यात नेलकटर असतो.